पंचाच्या हाती शिट्टी, प्रेक्षकाच्या हाती कॅमेरा

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा आखाडा जालन्याच्या आझाद मैदानावर भरला होता. माती विभागातून आलेला बुलढाण्याचा बाला रफिक शेख आणि गादी विभागातून आलेला पुण्याचा अभिजित कटके, आदल्या वर्षीचा विजेता, यांच्यात अंतिम लढत झाली. बालाने ती ११-३ अशा गुणांनी जिंकली आणि मानाची गदा उंचावली. गुणांचे अंतर इतके मोठे होते की पंचाच्या एखाद्या निर्णयाने निकाल फिरला असे म्हणायला कोणाला जागाच उरली नाही. १९६१ मध्ये या स्पर्धेची सुरुवात झाली ती औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. पहिला मान सांगलीच्या दिनकर दह्यारींनी मिळवला. जालना त्या वेळी त्याच जिल्ह्याचा एक तालुका होता. मराठवाड्याच्या मातीचे आणि या गदेचे नाते असे पहिल्या दिवसापासूनचे आहे.

परंतु प्रत्येक कुस्ती इतक्या स्वच्छ निकालाची नसते. आठ गुणांच्या फरकाने सुटलेल्या कुस्तीत पंचाची परीक्षा होत नाही. ती होते एका क्षणात पाठ टेकली की नाही, डाव चार गुणांचा की दोनाचा, हे ठरवताना. गेल्या काही वर्षांत अशा क्षणांचे साक्षीदार बदलले आहेत. पूर्वी पंच, दोन्ही बाजूंचे वस्ताद आणि हौद्याभोवती दाटीवाटीने बसलेले जाणकार एवढेच साक्षीदार असत. आज हजारो प्रेक्षकांच्या हातात मोबाइल असतो आणि प्रत्येक मोबाइलमध्ये कॅमेरा. कुस्ती सुटण्याच्या आत तिची चित्रफीत गावोगाव पोहोचलेली असते. गंमत अशी की, ज्याला निर्णय द्यायचा असतो त्या पंचाला मात्र अनेक मैदानांत डोळे आणि शिट्टी यांवरच भागवावे लागते. तंत्रज्ञान आधी प्रेक्षकाच्या हाती आले. पंचाच्या हाती ते अद्याप पुरते आलेले नाही. आजच्या कुस्तीतील अनेक वादांचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

दोन वाद, एक धडा

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. माती विभागाच्या निर्णायक कुस्तीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग हा डाव टाकला आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. सिकंदर धोकादायक अवस्थेत गेलाच नव्हता, मग चार गुण कसे, असा प्रश्न त्याच्या चाहत्यांनी विचारला. त्या काही क्षणांची चित्रफीत थांबवून, मागे-पुढे करून, बाणांच्या खुणा काढून महाराष्ट्रभर फिरवली गेली. निर्णय नियमानुसारच असल्याचे आयोजकांकडून सांगण्यात आले. पण तोवर घराघरांत निकाल लागून गेला होता. पंचाला दूरध्वनीवरून धमकी देण्यापर्यंत मजल गेली.

त्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर याच्याही पुढचे पाऊल पडले. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने नांदेडच्या शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय झाला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रण पुन्हा पाहा, अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही. पुढे पंचांशी जे गैरवर्तन झाले ते सर्वांनी पडद्यावर पाहिले. अंतिम कुस्तीतही महेंद्र गायकवाडने लढत अर्धवट सोडली. त्या रात्री गदा मोहोळकडे गेली आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

पंचावर हात उचलणे किंवा लाथ उगारणे यांचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. आखाड्यात उतरताना मातीला हात लावून तो कपाळी नेणाऱ्या परंपरेत पंचाचा अवमान हा मातीचाच अवमान आहे. तथापि निषेध करून प्रश्न संपत नाही. पराभूत मल्लाला आपले म्हणणे मांडण्याची आणि पंचाला आपला निर्णय पडताळून पाहण्याची सन्माननीय वाट नसेल, तर राग आडवाटेने बाहेर पडतो. आणि आता तर त्या रागाला साक्ष देणाऱ्या हजारो चित्रफिती तयार असतात.

दाद मागण्याची जुनी गोष्ट

दाद मागण्याचा प्रश्न कुस्तीला नवा नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेत एका कुस्तीनंतर हक्काची विश्रांती न मिळता त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभे राहावे लागले आणि त्यांच्या वतीने दाद मागायला भारतीय पथकातील कोणी जागेवर नव्हते, असे कुस्तीक्षेत्रात आजही हळहळीने सांगितले जाते. पदकाचा रंग केवळ बळाने ठरत नाही. योग्य वेळी, योग्य ठिकाणी दाद मागता येण्यानेही ठरतो, हा त्या आठवणीचा अर्थ.

पुढे जगातील अनेक खेळांनी दाद मागण्याची रीत घालून दिली. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबानच्या कसोटीत, मैदानाबाहेर बसून चित्रण पाहणाऱ्या तिसऱ्या पंचाने ज्या पहिल्या फलंदाजाला धावचीत ठरवले तो आपला सचिन तेंडुलकर. त्या दिवशी खेळाच्या न्यायदानात एक नवे पान उलटले. २००८ पासून क्रिकेटमध्ये खेळाडूलाच पंचाच्या निर्णयाची फेरतपासणी मागण्याचा अधिकार मिळू लागला. फुटबॉलच्या विश्वचषकात २०१८ साली चित्रणसाहाय्यक पंच आले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीने तर अंगणातल्या कबड्डीला फेरतपासणीची सवय लावली.

आंतरराष्ट्रीय कुस्तीतही ही सोय आहे. आपल्या मल्लावर अन्याय झाला असे वाटले तर प्रशिक्षक गादीवर एक मऊ ठोकळा टाकतो. कुस्ती थांबते, चित्रण पाहिले जाते आणि निर्णय कायम राहतो किंवा बदलतो. दाद फेटाळली गेली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि त्या कुस्तीत पुन्हा दाद मागता येत नाही. हा शेवटचा भाग फार शहाणपणाचा आहे. दाद मागण्याला किंमत ठेवली की ऊठसूट तक्रार होत नाही, आणि खरी तक्रार दडपलीही जात नाही. न्याय आणि शिस्त एकाच नियमात बांधली गेली आहे. आपल्याकडे राज्य पातळीवर चित्रणाची साधने असतात. पण दाद केव्हा मागता येते, कोण ऐकतो आणि निर्णयाचे कारण काय, हे प्रेक्षकाला क्वचितच कळते. जिल्ह्याच्या आणि जत्रेच्या मैदानात तर हा विचारच पोहोचलेला नाही.

चित्रफीत म्हणजे निकाल नव्हे

याचा अर्थ कॅमेरा म्हणेल ते ब्रह्मवाक्य असा मात्र नाही. कॅमेऱ्यालाही मर्यादा आहेत आणि त्या समजून घेतल्याशिवाय निवाडा करणे हा नवा अन्याय ठरेल.

पहिली मर्यादा जागेची. वरच्या मल्लाचे अंग आडवे आले की एका बाजूने खालच्या मल्लाचा एकच खांदा दिसतो. दुसरा टेकला की अधांतरी आहे, हे त्या बाजूच्या चित्रणातून कळणे अशक्य. समोरासमोर दोन आणि उंचावर एक, असे किमान तीन कॅमेरे असतील तरच पाठ टेकल्याचा प्रश्न सुटू शकतो. गर्दीतून हात उंच करून घेतलेली एका अंगाची चित्रफीत ही फार तर एका साक्षीदाराची साक्ष आहे. तो निकाल नव्हे.

दुसरी मर्यादा काळाची. साध्या मोबाइलमध्ये बहुधा सेकंदाला तीस चित्रे टिपली जातात. एक दशांश सेकंदाच्या घटनेला त्यात अवघी तीन चित्रे मिळतात. त्यातले एक थांबवून ‘हे बघा, खांदा टेकला’ असे सांगणे सोपे आहे. परंतु नियम नुसत्या स्पर्शाचा नाही. दोन्ही खांदे टेकवून प्रतिस्पर्ध्यावर पूर्ण ताबा असल्याचे पंचाला दिसेल इतका वेळ ते धरून ठेवावे लागतात, आणि मैदानावरील पंचाला सहकारी पंचाची किंवा मॅट चेअरमनची संमती घ्यावी लागते. याउलट तीच चित्रफीत संथ करून दाखवली की निमिषभराचा स्पर्श चांगला दीर्घ भासतो. थांबवलेले चित्र काळ पुसून टाकते, संथ केलेले चित्र काळ ताणते. दोन्हींकडे पाहून निकाल देणारा घरबसल्या पंच नियमापासून दूर गेलेला असतो, आणि त्याला त्याची जाणीवही नसते.

तिसरी मर्यादा यंत्र चालवणाऱ्या माणसाची. २०२५ मध्ये विंबल्डनच्या टेनिस स्पर्धेने शतकाहून जुनी रेषापंचांची प्रथा मोडली आणि चेंडू आत की बाहेर हे ठरवण्याचे काम पूर्णपणे यंत्रावर सोपवले. त्याच स्पर्धेत एका सामन्यात ही यंत्रणा मैदानाच्या एका भागात चुकून बंद राहिली. चेंडू उघड बाहेर पडूनही यंत्र गप्प राहिले आणि अखेर खुर्चीवरील पंचाने तो गुण पुन्हा खेळवला. जगातील सर्वात संपन्न स्पर्धेतही शेवटी माणसालाच उभे राहावे लागले. यंत्र पंचाची जागा घेत नाही. ते पंचाला एक जास्तीचा डोळा देते.

नोंद नसलेला पराक्रम

तंत्रज्ञानाने क्रीडा पत्रकारितेचाही चेहरामोहरा बदलला आहे. एके काळी बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे समालोचन करीत आणि श्रोता डोळे मिटून मैदान पाही. सकाळी वृत्तपत्रात गावच्या जत्रेतील कुस्त्यांचे निकाल ‘वि. वि.’ या दोन अक्षरांनी जोडलेले, ओळीने छापून येत. त्यात रंग नव्हता, पण नाव, गाव आणि निकाल होता. आज जत्रेच्या मैदानाचे थेट प्रक्षेपण होते. हा लाभ लहान नाही. मंठा-परतूरच्या एखाद्या वाडीतील पोराची कुस्ती कोल्हापूरच्या वस्तादाला त्याच क्षणी दिसू शकते. नोकरीसाठी परगावी गेलेला माणूस आपल्या गावच्या मैदानाला मनाने हजर राहतो. याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु दिसणे वेगळे आणि नोंदले जाणे वेगळे. जालन्याच्याच विजय झोलचे उदाहरण घ्यावे. २०११ मध्ये १९ वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडक स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळताना त्याने आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. पुढे २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत त्याने भारताचे नेतृत्व केले. जालन्यासारख्या गावच्या मुलाची कामगिरी निवड समितीपुढे ठामपणे उभी राहू शकते, कारण क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडू कोणीतरी वहीत लिहीत असतो. धावफलक लिहिणाऱ्या त्या अनामिक माणसाचे ऋण क्रिकेटवर फार मोठे आहे. तो आकडा कोणी पुसू शकत नाही, कोणी वाढवूही शकत नाही.

अंबड, भोकरदन किंवा जाफराबादच्या मल्लाने दहा हंगाम जत्रांची मैदाने मारली, तर त्याची नोंद कोठे आहे? किती कुस्त्या निकाली केल्या, किती बरोबरीत सुटल्या, कोणत्या वजनाच्या मल्लाशी, किती मिनिटांत? हलगी थांबली, इनाम वाटले गेले, की सारे हवेत विरते. उरते ती कोणाच्या तरी मोबाइलमधली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. तिच्यावर ना तारीख, ना पुरते नाव, ना खात्रीचा निकाल. खाली लिहिलेल्या मजकुरात हरलेला जिंकलेला असतो आणि जिंकलेल्याचे गाव बदललेले असते. वरच्या पातळीवरही नोंदीची स्थिती फार निराळी नाही. संघटनांतील दुहीमुळे नोव्हेंबर २०२३ या एकाच महिन्यात फुलगाव आणि धाराशिव येथे दोन स्वतंत्र स्पर्धा झाल्या आणि महाराष्ट्राला दोन ‘महाराष्ट्र केसरी’ मिळाले. एक सिकंदर शेख, दुसरा शिवराज राक्षे. दोघांच्या पराक्रमाविषयी शंका नाही. पण वीस वर्षांनी एखादा विद्यार्थी त्या वर्षाचा महाराष्ट्र केसरी शोधू लागला तर त्याने कोणती वही उघडावी? चित्रफितींचा पूर आणि नोंदींचा दुष्काळ, अशी ही अवस्था आहे.

करण्यासारखे काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर मुंबई-दिल्लीत शोधण्याची आवश्यकता नाही. बरेचसे गावातच आहे. कुस्तीचे मैदान भरवणाऱ्या जत्रा समित्या, तरुण मंडळे आणि तालमी यांनी ठरवले तर येत्या हंगामापासून चार गोष्टी होऊ शकतात.

पहिली, कॅमेऱ्यांची नेमकी जागा. मैदानात तसेही शेकडो मोबाइल असतात. त्यातले तीन तिवईवर बसवून दोन बाजूंना आणि एक उंचावर ठेवला आणि त्यांचे चित्रण एका मेजावर पाहण्याची व्यवस्था केली, तर फार मोठा खर्च येत नाही. मंडपाच्या आणि ध्वनिवर्धकाच्या खर्चात तो सहज सामावतो.

दुसरी, दाद ऐकणारा वेगळा माणूस. ज्याने निर्णय दिला त्यानेच फेरतपासणी करू नये. त्या कुस्तीत पंच नसलेला आणि दोन्ही तालमींशी संबंध नसलेला एखादा जाणता वस्ताद त्या मेजावर बसवावा. दाद ठरावीक वेळातच मागायची, प्रत्येक कुस्तीत एकदाच, आणि ती फेटाळली गेली तर तिची किंमत मोजायची, हे कुस्ती लागण्यापूर्वी दोन्ही मल्लांना सांगावे.

तिसरी, निर्णयाचे कारण. फेरतपासणीनंतर निवेदकाने ध्वनिवर्धकावरून दोन वाक्यांत सांगावे: काय पाहिले, कोणत्या नियमाने काय ठरले. आपल्या कुस्ती निवेदकांची वाणी शेकडो माणसे खिळवून ठेवते. त्या वाणीचा काही भाग नियम समजावण्यासाठी खर्ची पडला, तर घरबसल्या पंचांची संख्या आपोआप कमी होईल.

चौथी आणि सर्वात महत्त्वाची, नोंदवही. तारीख, गाव, दोन्ही मल्लांची पूर्ण नावे, तालीम, वजन, लागलेला वेळ, डाव आणि निकाल. शाळेत शिकणारा, सुवाच्य अक्षराचा एक मुलगा किंवा मुलगी हे काम करू शकेल. वहीच्या त्या पानाचे छायाचित्र पंचाच्या सहीसह त्याच दिवशी चित्रफितीबरोबर प्रसृत करावे. खोट्या मजकुराला खऱ्या पानाइतके दुसरे उत्तर नाही. आठ तालुक्यांच्या अशा वह्या एकत्र आल्या तर जिल्ह्याच्या कुस्तीचा इतिहास आपोआप लिहिला जाईल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, यंत्र आले की पंचाचा मान जाईल. अनुभव याच्या उलट आहे. क्रिकेटचा पंच आपला निर्णय मागे घेतो तेव्हा त्याची अप्रतिष्ठा होत नाही. प्रेक्षक पुढच्या चेंडूकडे वळतो. मान जातो तो चूक सुधारण्याची वाट नसताना चुकीला चिकटून राहण्याने. दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा आहे. मातीतली निकाली कुस्ती घड्याळावर आणि गुणांवर चालत नाही. तिला कॅमेरा कशाला? हा आक्षेप आदराने ऐकावा असा आहे. जेथे धोबीपछाड बसली आणि अस्मान दिसले, तेथे कोणालाच काही पाहायची गरज नसते. परंतु संशयाचा एक क्षण आला तर त्याच मातीत दोन गावांचे वैर पेरले जाते. ते टाळण्यासाठी तिवईवरचा एक कॅमेरा मातीला जड होणार नाही.

कुटुंबांचेही या बाबतीत एक कर्तव्य आहे. हाती आलेली अर्धवट चित्रफीत पुढे ढकलण्यापूर्वी, पूर्ण कुस्ती पाहिली का आणि नियम ठाऊक आहे का, हे दोन प्रश्न मोठ्यांनी स्वतःला विचारावेत. मुलांसमोर पंचाला शिव्या घालणारा बाप उद्या त्याच मुलाला शिक्षकाचा मान राखायला सांगू शकणार नाही. पडद्यावर कुस्ती पाहणाऱ्या मुलाला एकदा तालमीत नेऊन उभे करावे. हौद्यात उकरलेल्या मातीचा वास, मल्लाचा धपापणारा श्वास आणि ताब्यातून निसटण्याची धडपड जवळून पाहिलेला मुलगा पंचाचे काम किती अवघड आहे हेही शिकतो.

जालना जिल्ह्याला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ मध्ये तेथे जन्मलेल्या या संताने गावोगाव मारुतीची स्थापना केली. बलाच्या उपासनेला विवेकाचा लगाम हवा, ही त्यांची शिकवण. आज समाजाच्या हाती आलेला कॅमेरा हेही एक बळच आहे. ते गर्दीच्या हाती सुटे राहिले तर पंचाच्या अंगावर जाईल; नियमाच्या हाती दिले तर मल्लाला न्याय आणि पराक्रमाला नोंद देईल. ज्या जिल्ह्याने राज्याची मानाची स्पर्धा आपल्या मैदानावर भरवली, त्या जिल्ह्याने आता आपल्या जत्रांच्या मैदानांत ही शिस्त घालून द्यावी. तीन तिवया, एक मेज आणि एक वही, इतक्याच साहित्यावर या कामाचा नारळ फोडता येईल.